पेजस्पीड इनसाइट्स: खालचं वर्तुळ सोडा, वरचा भाग वाचा

गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे वेबसाइटचा वेग तपासायचं मोफत साधन आहे. पत्ता टाकायचा, बटण दाबायचं, थोड्या वेळात अहवाल समोर. खातं उघडावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि स्वतःची सोडून शेजारच्या स्पर्धकाचीही साइट तपासता येते. मराठी बातम्यांचं पोर्टल, पाककृतींचा ब्लॉग, पुस्तकांचं ऑनलाइन दुकान किंवा एखाद्या दवाखान्याची चार पानांची साइट, काहीही चालवत असाल आणि सर्चमध्ये वर यायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी. वेगासाठी पैसे मोजून घेतलेली बरीच साधनं आतून हेच इंजिन आणि हीच माहिती वापरतात.

मात्र इतक्या चुकीच्या पद्धतीने वाचलं जाणारं दुसरं साधनही क्वचितच सापडेल. बहुतेकांची नजर थेट त्या मोठ्या रंगीत वर्तुळावर जाते. ४३ दिसले की घबराट, ९६ दिसले की समाधान. वेग वाढवून देणारे व्यावसायिकही याच आकड्यावर काम विकतात. सर्चमधल्या क्रमवारीसाठी हा आकडा वापरलाच जात नाही. जो वापरला जातो तो त्याच अहवालात, त्या वर्तुळाच्या वर आहे.

अहवालाचे दोन भाग आहेत. वरचा भाग सांगतो की खऱ्या वाचकांना तुमची साइट कशी वाटली. ही माहिती क्रोम ब्राउझर वापरणाऱ्यांकडून येते. ज्यांनी वापराची आकडेवारी पाठवायला संमती दिली आहे, त्यांच्याच भेटी मोजल्या जातात. या संग्रहाला क्रोम यूएक्स रिपोर्ट, थोडक्यात क्रक्स, म्हणतात. यातले आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात आणि ते ७५व्या टक्क्यावर मोजलेले असतात. म्हणजे १०० भेटींपैकी ७५ भेटी तेवढ्या किंवा त्याहून चांगल्या गेल्या. खालचा भाग म्हणजे लाइटहाउस. गूगलच्या डेटा सेंटरमधलं एक यंत्र तुमचं पान एकदाच उघडतं, मध्यम दर्जाच्या अँड्रॉइड फोनची नक्कल करतं, नेटचा वेग १.६ मेगाबिट प्रति सेकंद धरतं, सर्व्हरपर्यंत जाऊन यायच्या प्रत्येक फेरीला १५० मिलिसेकंद लावतं आणि प्रोसेसर चौपट मंद करून निकाल देतं. वर्तुळातला आकडा तिथून येतो.

वरच्या भागात तीन मोजमापं महत्त्वाची, कोअर वेब व्हायटल्स नावाची. एलसीपी म्हणजे पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक, बहुधा मुख्य फोटो किंवा मथळा, किती वेळात दिसला, २.५ सेकंदांच्या आत चांगलं, ४ च्या पुढे वाईट. आयएनपी म्हणजे वाचकाने बोट लावल्यावर पान किती वेळात हललं; २०० मिलिसेकंदांच्या आत चांगलं, ५०० च्या पुढे वाईट. सीएलएस म्हणजे वाचता वाचता मजकूर किती सरकला, ०.१ पर्यंत चांगलं, ०.२५ च्या पुढे वाईट. आयएनपी १२ मार्च २०२४ रोजी आलं, त्याआधी तिथे एफआयडी होतं. एफआयडीवर लिहिलेला कुठलाही जुना सल्ला आता बाजूला ठेवा. ते मोजमाप पहिल्याच स्पर्शाचा उशीर बघायचं, म्हणून जवळपास सगळेच उत्तीर्ण व्हायचे. आयएनपी संपूर्ण भेटीतले स्पर्श बघतं आणि त्यामुळे कितीतरी साइट उघड्या पडल्या.

क्रमवारीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे अतिशयोक्ती फार चालते. मोबाइल सर्चमध्ये ही मोजमापं २०२१ च्या जून ते ऑगस्टमध्ये लागू झाली, डेस्कटॉपवर २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. गूगलची भूमिका अशी की मजकूर शोधाला धरून असणं सर्वांत वर; तोडीस तोड पानं पुष्कळ असतील तिथे चांगल्या अनुभवाचा फायदा होतो. पातळ मजकुराचं वेगवान पान सखोल लेखाच्या वर जात नाही. ‘पुरणपोळी कशी करावी’ या शोधात मात्र तोडीस तोड पानं डझनांनी आहेत. तिथे वेग उपयोगाला येतो. आणि क्रमवारी जराही हलली नाही तरी पान उघडेपर्यंत कंटाळून मागे जाणारा वाचक थांबतो, हा फायदा हक्काचा.

आकडा रोज का बदलतो

सकाळी ७१, दुपारी ५८, मध्ये कुणी साइटला हात लावलेला नाही. याची कारणं साधी आहेत. दर वेळी जाहिराती वेगळ्या येतात, शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइटच्या सामायिक सर्व्हरवर, शेजारच्या साइटचा भार पडतो, पहिल्या तपासणीत कॅशे, म्हणजे तयार प्रतींचा साठा, रिकामा असतो आणि दुसऱ्या वेळी भरलेला. शिवाय तपासणी कुठून झाली तेही बदलतं: उत्तर अमेरिका, युरोप किंवा आशिया. मुंबईत सर्व्हर आणि तपासणी अमेरिकेतून, असं झालं की पहिल्या बाइटलाच उशीर. म्हणून एका निकालावर काही ठरवू नका. थोडं थांबून थांबून पाच वेळा चालवा आणि मधला निकाल धरा.

वर्तुळातल्या आकड्यात कशाला किती वजन तेही माहीत असावं. टीबीटी, म्हणजे स्क्रिप्टने (पानात चालणाऱ्या कोडने) ब्राउझर अडवून धरलेला वेळ, ३० टक्के. एलसीपी आणि सीएलएस प्रत्येकी २५. पहिला मजकूर दिसायला लागलेला वेळ १० आणि स्पीड इंडेक्स, म्हणजे पडदा किती झपाट्याने भरतो, १०. आकडा ४० च्या घरात असेल तर आधी स्क्रिप्टकडे बघा. एकटा टीबीटी ३० गुण खाऊ शकतो आणि जाहिराती असलेल्या साइटवर तो खातोच.

नवख्या किंवा छोट्या साइटला वरचा भाग रिकामा दिसेल. पुरेशा भेटी नसल्या की पानाऐवजी संपूर्ण डोमेनचे आकडे दाखवले जातात आणि तेही नसतील तर काहीच नाही. त्यामुळे वरच्या कोपऱ्यात ‘हे पान’ निवडलंय की ‘पूर्ण साइट’, ते दर वेळी बघा. साइटचा एकत्रित आकडा हिरवा आणि लेखाचं पान लाल, हे नेहमीचं आहे. आणि नुसतं मुखपृष्ठ तपासून थांबू नका. सर्चमधून येणारा वाचक मुखपृष्ठावर येत नाही, तो थेट लेखावर किंवा वस्तूच्या पानावर उतरतो. प्रत्येक साच्याचं एक पान घ्या: लेख, विभाग, वस्तू, मुखपृष्ठ.

आणखी एक मर्यादा. आयफोनवरच्या क्रोमच्या भेटी या आकड्यांत नसतात. फेसबुक ॲपच्या आतल्या ब्राउझरात उघडलेलं पानही मोजलं जात नाही. मराठीतल्या अनेक साइटवर फेसबुकवरूनही वाचक येतात. तो वाचक कसा वैतागतो ते या अहवालात कधीच दिसणार नाही.

एलसीपी: फोटोआधी सर्व्हर बघा

एलसीपी लाल असलं की लोक फोटो दाबायला घेतात. पुष्कळदा दोष तिथे नसतोच. अहवालात एलसीपीचे चार तुकडे करून दाखवलेले असतात: सर्व्हरकडून पहिला बाइट यायला लागलेला वेळ, फोटो मागवायला झालेला उशीर, फोटो उतरायला लागलेला वेळ, आणि उतरल्यावर दिसायला झालेला उशीर. पहिला आणि तिसरा तुकडा मिळून ८० टक्क्यांच्या आसपास असावेत. दुसरा आणि चौथा प्रत्येकी १० टक्क्यांच्या आत. जो तुकडा मोठा, त्यालाच हात घाला.

पहिला बाइट, म्हणजे टीटीएफबी, ०.८ सेकंदांच्या आत हवा. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरच्या वर्डप्रेसला प्रत्येक भेटीला पान नव्याने बांधावं लागलं तर हा वेळ सहज दीड-दोन सेकंदांवर जातो. उपाय म्हणजे पान कॅशिंग, तयार पान साठवून तेच पुन्हा देणं. इथे एक गैरसमज हमखास आढळतो: क्लाउडफ्लेअर (साइटच्या फाइल वाचकाजवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) लावलं की काम झालं. क्लाउडफ्लेअर मुंबईतून सेवा देतं हे खरं, पण मूळ मांडणीत ते फक्त फोटो, स्टाइल आणि स्क्रिप्टच्या फाइल साठवतं, एचटीएमएल पान साठवत नाही. पानाची मागणी तुमच्या सर्व्हरपर्यंत जातेच. ब्राउझरच्या नेटवर्क पॅनेलमध्ये पानाच्या उत्तरातला सीएफ-कॅशे-स्टेटस बघा. ‘डायनॅमिक’ लिहिलेलं असेल तर पान साठवलं जात नाही, ‘हिट’ हवं. त्यासाठी कॅशेचा नियम वेगळा करावा लागतो आणि तो करताना ॲडमिनची पानं, लॉगिन केलेले वाचक, खरेदीची टोपली आणि पैसे भरायचं पान वगळायला विसरू नका. हे राहून गेलं तर एका गिऱ्हाइकाची टोपली दुसऱ्याला दिसू शकते.

पत्त्याची उडी हाही छुपा खर्च. आधी एचटीटीपी, मग एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला पत्ता, अशा दोन उड्या मारून पान मिळत असेल तर मंद फोनवर त्यातच जवळपास अर्धा सेकंद जातो. एकाच उडीत शेवटच्या पत्त्यावर न्या.

फोटो उशिरा मागवला जात असेल तर कारण बहुधा लेझी लोडिंग. खालचे फोटो उशिरा उतरवणं योग्य, पण वरच्या मुख्य फोटोवर तेच लावलं की ब्राउझर आधी मांडणी पूर्ण करतो आणि मग फोटो मागवतो. वर्डप्रेसने ५.५ या आवृत्तीत लेझी लोडिंग आणलं, ५.९ मध्ये मजकुरातला पहिला फोटो त्यातून वगळला आणि ६.३ मध्ये मुख्य फोटोला प्राधान्याची खूण आपोआप लावायला सुरुवात केली. म्हणजे वर्डप्रेस स्वतः हे नीट करतं. बिघडवतात ते वरून लावलेले प्लगइन, जे सरसकट सगळ्या फोटोंवर लेझी लोडिंग चढवतात. प्लगइनच्या सेटिंगमध्ये ‘पहिले अमुक फोटो वगळा’ असा पर्याय असतो, तिथे १ किंवा २ टाका. पेज बिल्डरमध्ये, म्हणजे कोड न लिहिता पान रचायच्या साधनात, मुख्य फोटो पार्श्वभूमी म्हणून लावलेला असेल तर तो स्टाइलच्या फाइलमध्ये दडतो आणि ब्राउझरला उशिरा सापडतो. तो साधा इमेज टॅग करून लावा. मुखपृष्ठावरचा पाच फोटोंचा सरकता स्लायडर काढता आला तर काढाच. दुसऱ्या फोटोपर्यंत थांबणारे वाचक फार थोडे, आणि पाचही फोटोंचं वजन मात्र सगळ्यांच्या माथी.

फोटोच्या आकाराचं गणित सोपं आहे. लाइटहाउसचा नकली फोन ४१२ पिक्सेल रुंद आणि १.७५ घनतेचा, म्हणजे त्याला ७२१ पिक्सेलचा फोटो पुरतो. खऱ्या फोनची घनता जास्त असते, म्हणून ४८०, ७६८ आणि १२०० रुंदीच्या तीन प्रती ठेवा आणि ब्राउझरला निवडू द्या. वेबपी प्रकार पुरेसा आहे. एव्हीआयएफ आणखी हलका, पण तयार करायला सर्व्हरला जास्त मेहनत पडते. कॅमेऱ्यातून आलेला ४००० पिक्सेलचा फोटो सीएसएसने, म्हणजे स्टाइलच्या सूचनेने, लहान दाखवणं म्हणजे वजन तसंच ठेवणं.

चौथा तुकडा मोठा असेल तर फेड-इन शोधा. अनेक थीम मथळा आणि फोटो आधी पूर्ण पारदर्शक ठेवतात आणि स्क्रिप्ट आली की हळूच दाखवतात. पारदर्शक घटक एलसीपीत मोजला जात नाही, त्यामुळे घड्याळ चालूच राहतं. पहिल्या पडद्यावरची ॲनिमेशनं बंद केली की काही साइटवर एलसीपी सेकंदभराने खाली येतं, तेही एक पैसा खर्च न करता.

देवनागरी फॉन्ट: जे हे साधन अर्धवटच सांगतं

मराठी साइटचा खरा प्रश्न इथे आहे. देवनागरीचा युनिकोड ठोकळा १२८ जागांचा असला तरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं, अर्धी अक्षरं आणि मात्रांची वेगवेगळी रूपं धरून शेकडो आकृत्या असतात. त्यामुळे देवनागरीची फाइल रोमनपेक्षा कितीतरी जड. त्यात प्रत्येक वजनाची, म्हणजे अक्षरांच्या प्रत्येक जाडीची, फाइल वेगळी. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता हा फॉन्ट सात वजनांत मिळतो. थीमने सातही मागवले तर पहिला मजकूर दिसायच्या आधीच नेट भरून जातं. दोन वजनं ठेवा, साधं आणि ठळक. तीन किंवा जास्त वजनं हवीच असतील तर नोटो सान्स देवनागरी किंवा बलू २ यांसारखा व्हेरिएबल फॉन्ट घ्या, एका फाइलमध्ये सगळी वजनं येतात.

‘गूगल फॉन्ट्स सगळीकडे वापरतात, म्हणून वाचकाच्या फोनमध्ये ते आधीच असतील’ हा युक्तिवाद २०२० च्या ऑक्टोबरपासून संपला आहे. क्रोम ८६ पासून प्रत्येक साइटचा कॅशे वेगळा असतो. दुसऱ्या साइटवर उतरवलेला मुक्ता तुमच्या साइटला उपयोगी पडत नाही. त्यामुळे फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर डब्ल्यूओएफएफ२ प्रकारात ठेवणं चांगलं. दुसऱ्या डोमेनशी जोडणी करायचा वेळ वाचतो. मजकुराच्या साध्या वजनाची फाइल प्रीलोड करा, म्हणजे ब्राउझरला ती आधीच मागवायला सांगा; बाकीच्या नको. सगळ्या प्रीलोड केल्या की मुख्य फोटो रांगेत मागे पडतो.

फाइल हलकी करायला फॉन्टमधली नको ती अक्षरं काढतात, म्हणजे सबसेटिंग. हे करताना मराठीचं हमखास नुकसान होतं. यादी बनवणारा हिंदीची अक्षरं डोळ्यापुढे ठेवतो आणि ऱ, ॲ गळतात. सोबत रुंदी नसलेली दोन जोडचिन्हंही जातात. मग ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांतला अर्धा र तुटतो किंवा ते एक अक्षर भलत्याच फॉन्टमध्ये दिसतं. सबसेटिंगनंतर एका चाचणी पानावर हे शब्द टाकून बघा: ऱ्हास, कुऱ्हाड, दुसऱ्या, बाळ, ॲप, ऑफिस, ज्ञान, क्षमा, श्रीमंत, हृदय, उत्कृष्ट, आणि रुपयाचं चिन्ह ₹. एकही अक्षर वेगळं दिसलं तर यादी परत करा. पेजस्पीड इनसाइट्सला फाइल हलकी झालेली दिसेल आणि ते शाबासकी देईल; मोडलेलं अक्षर त्याला दिसत नाही.

तसंच भाषेच्या खुणेचं. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी, म्हणजे एमआर, हवी. वर्डप्रेस इंग्रजीत बसवलं असेल तर तिथे अमेरिकन इंग्रजी लिहिलेलं असतं. लाइटहाउस एवढंच बघतं की खूण आहे आणि वैध आहे. संपूर्ण मराठी लेखावर इंग्रजीची खूण असली तरी ते उत्तीर्ण करतं. नुकसान मात्र होतं. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर चुकीचा आवाज निवडतो, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत तिथे वाचकाला हिंदी वळणाचे दिसतात.

फॉन्ट उशिरा आला तर काय दिसावं, हे फॉन्ट-डिस्प्ले या सीएसएसमधल्या सूचनेने ठरतं. काहीच लिहिलं नाही तर क्रोम सुमारे ३ सेकंदांपर्यंत मजकूर अदृश्य ठेवतो. बातमीच्या पानावर पुष्कळदा तीन ओळींचा मथळाच एलसीपीचा घटक असतो, म्हणजे ते ३ सेकंद सरळ एलसीपीत. ‘स्वॅप’ लिहा, फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर लगेच दिसेल. पण मग दुसरं दुखणं: खरा फॉन्ट आला की ओळी सरकतात, कारण देवनागरी फॉन्टांची वर-खालची मापं एकमेकांपासून फार वेगळी असतात. यावर पहिला उपाय, ओळींची उंची फॉन्टवर सोडू नका, १.६ किंवा १.७ असा आकडा स्वतः द्या. दुसरा, साइझ-ॲडजस्ट ही सीएसएसमधली सूचना वापरून फोनमधला फॉन्ट तुमच्या फॉन्टच्या रुंदीला आणा, म्हणजे ओळी त्याच जागी मोडतील. अँड्रॉइडवर बहुधा नोटो आणि विंडोजवर निर्मला यूआय असतो, त्यांच्याशी जुळवून बघा.

आणि सगळ्यांत वेगवान मार्ग म्हणजे लेखाच्या मजकुराला वेबफॉन्टच न लावणं. फोनमधला देवनागरी फॉन्ट आज पुरेसा सुवाच्य आहे. फक्त मथळ्याला आणि बोधचिन्हाला वेगळा फॉन्ट ठेवा.

जाहिराती आणि सरकणारं पान

खाली सीएलएस ०, वर ०.३१. हे बघून अनेकजण साधनालाच दोष देतात. दोन्ही आकडे बरोबर असतात. लाइटहाउस पान उघडतं आणि थांबतं, खाली स्क्रोल करत नाही. वाचक मात्र शेवटपर्यंत जातो आणि वाटेत प्रत्येक जाहिरात उगवताना परिच्छेद खाली ढकलते. ज्या ओळीवर बोट ठेवायचं ती निसटते आणि जाहिरातीवर क्लिक होतो. वाचकाचा राग इथेच सर्वांत जास्त असतो.

उपाय असा की जाहिरात यायच्या आधी तिची जागा राखून ठेवा. ३०० बाय २५० ची जागा असेल तर त्या डब्याला किमान २५० पिक्सेल उंची द्या, वर ‘जाहिरात’ ही पाटी असेल तर तिचीही धरा. एका जागेत कधी ५० तर कधी १०० उंचीची जाहिरात येत असेल तर १०० राखा. रिकामी पट्टी दिसली तरी चालेल. जाहिरात न आल्यास डबा मिटवायची सोय बंद करा, मिटणंही सरकणंच. पडद्याच्या तळाशी चिकटलेली जाहिरात मजकुराला ढकलत नाही, म्हणून ती सीएलएसमध्ये येत नाही. फोटोंना रुंदी-उंची द्या, यूट्यूबच्या चौकटीलाही. ‘आणखी बातम्या’ बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत झालेली हालचाल माफ असते. बातम्या त्यानंतर उतरल्या तर मोजली जाते. म्हणून बटण दाबताक्षणी रिकामी चौकट दाखवा आणि नंतर ती भरा.

आयएनपी आणि ‘झटपट ९०’

आयएनपी प्रयोगशाळेत मोजता येत नाही, कारण तिथे बोट लावणारं कुणी नाही. टीबीटी हा त्याचा अंदाज, आणि अंदाज फसवला जाऊ शकतो. वेग वाढवून देणाऱ्या काही सेवा आणि प्लगइन सगळ्या स्क्रिप्ट पहिल्या स्पर्शापर्यंत रोखून धरतात. लाइटहाउस स्पर्श करत नाही, म्हणून टीबीटी शून्याजवळ आणि आकडा ९०-९५. खरा वाचक मेनूवर बोट ठेवतो तेव्हा रोखलेल्या सगळ्या स्क्रिप्ट एकदम सुटतात, मेनू पहिल्यांदा उघडतच नाही, तो पुन्हा पुन्हा दाबतो. चार आठवड्यांत वरच्या भागात आयएनपी नारंगी, मग लाल. वाचकसंख्या मोजणारी स्क्रिप्टही अडकल्यामुळे आकडेवारीतल्या भेटी घटतात ते वेगळंच. स्क्रिप्ट रोखायची तर चॅट खिडकी, हीटमॅप (वाचक कुठे दाबतात याची नोंद) अशा निवडक रोखा. मेनू, शोध आणि टोपलीच्या कधीही नको.

खरं काम म्हणजे कमी करणं. टॅग मॅनेजर (बाहेरच्या स्क्रिप्ट एका जागी सांभाळणारं साधन) उघडा आणि संपलेल्या जाहिरात मोहिमांचे टॅग काढा. नोटिफिकेशनची परवानगी मागणारी स्क्रिप्ट, दोन-दोन आकडेवारी साधनं, कुणी वापरत नसलेली शेअर बटणं काढा. यूट्यूबच्या जागी फक्त चित्र ठेवा, दाबल्यावर व्हिडिओ आणा. पानातले घटक फार वाढले की लाइटहाउस इशारा देत आलंय आणि तो रास्त आहे. डब्यात डबा करणारे पेज बिल्डर तिथवर लवकर पोचतात. ५० मिलिसेकंदांपेक्षा लांब चालणारं प्रत्येक काम बोटाला उत्तर द्यायला उशीर करतं. कुठलं काम लांब चालतं ते क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये दिसतं. तिथे साइट वापरत असतानाच एलसीपी, सीएलएस आणि आयएनपीचे आकडे हलताना दिसतात. या एका कामात ते पॅनेल पेजस्पीड इनसाइट्सपेक्षा सरस आहे. प्रोसेसर चौपट मंद करून तपासा, नाहीतर लॅपटॉपवर सगळंच छान वाटेल.

एसइओचं वर्तुळ

वेगाच्या वर्तुळाशेजारी एसइओचं, म्हणजे सर्चमध्ये सापडण्याच्या तयारीचं, वर्तुळही असतं. त्यातल्या १०० चा अर्थ फार मर्यादित आहे. शीर्षक आहे का, वर्णन आहे का, पान शोधयंत्रापासून लपवलेलं नाही ना, फोटोंना पर्यायी मजकूर आहे का, अशा मोजक्या तांत्रिक गोष्टी. सगळी बातमी चित्रात लिहून टाकली, किंवा मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात असला, तरी हे वर्तुळ हिरवं राहू शकतं आणि सर्चला मात्र वाचायला एक मराठी शब्द मिळत नाही. ‘येथे क्लिक करा’ ऐवजी दुव्यात विषय लिहिणं हे काम यंत्र पकडो न पकडो, तुम्ही करा. वेगासाठी एएमपीची (गूगलने आणलेल्या हलक्या मोबाइल पानांच्या प्रकाराची) वेगळी पानं अजून सांभाळत असाल तर तीही गरज उरलेली नाही; २०२१ पासून टॉप स्टोरीज या सर्चमधल्या बातम्यांच्या पट्टीसाठी एएमपीची अट नाही. सुगम्यतेचं, म्हणजे पान सगळ्यांना वाचता-वापरता येतं का हे सांगणारं, वर्तुळ मात्र मनावर घ्या. पांढऱ्यावर फिकट करडा मजकूर, उन्हात फोन धरून वाचणाऱ्याला तो दिसतच नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ हे प्रमाण पाळा.

उणिवा आणखी आहेत. एका वेळी एकच पान तपासता येतं. लॉगिनच्या मागची पानं तपासता येत नाहीत. तिथे ब्राउझरमधलं लाइटहाउस चालवा, तेही गुप्त खिडकीत, नाहीतर एक्स्टेंशनचा भार निकालात मिसळतो. मागच्या महिन्यांशी तुलना दिसत नाही, त्यासाठी गूगलचंच क्रक्स व्हिज आहे. भारतातून तपासणी हवी असेल तर वेबपेजटेस्ट किंवा जीटीमेट्रिक्समध्ये ठिकाण निवडता येतं आणि कुठली फाइल कुणामुळे अडली याचा धबधबा, म्हणजे फाइल उतरण्याच्या क्रमाचा आलेख, जास्त स्पष्ट दिसतो. आणि साइटवरच्या कुठल्या पानांचा गट नापास आहे ते सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन सांगतं, म्हणून पानांची निवड तिथे, कारणांचा शोध पेजस्पीड इनसाइट्समध्ये, दुरुस्तीचा पडताळा परफॉर्मन्स पॅनेलमध्ये, अशी वाटणी करा.

दुरुस्ती केल्यावर वरचा भाग लगेच हलणार नाही. २८ दिवसांची खिडकी सरकत जाते. आठवड्याने फक्त पाव भाग नवा असतो. बदलाची तारीख लिहून ठेवा, एका आठवड्यात एकच मोठा बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. सर्च कन्सोलमध्ये दुरुस्ती पडताळायचं बटण दाबलं की तिथेही २८ दिवसांची देखरेख सुरू होते.

काम बाहेर देणार असाल तर ‘९० च्या वर गुण’ ही अट कागदावर लिहू नका. लिहा: लेख, विभाग आणि मुखपृष्ठ या तिन्ही साच्यांवर, मोबाइलवर, खऱ्या वाचकांच्या आकड्यांत एलसीपी २.५ सेकंद, आयएनपी २०० मिलिसेकंद, सीएलएस ०.१; मोजणी काम संपल्यावर २८ दिवसांनी; मेनू, शोध, टोपली आणि वाचकसंख्येची नोंद आधीसारखी चालू; चाचणी पानावरचे मराठी शब्द अखंड. शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतर.